परबकाकांचं कोमट पाणी

आमच्या सोसायटीत माझ्यापेक्षा माझ्या उजव्या कोपराला जास्त मान होता. संध्याकाळी ऑफिसातून येऊन मी जिन्याकडे वळले, की तळमजल्यावरचं दार उघडायचं आणि परबकाका म्हणायचे, "हात दी गो." मग मी खांद्यावरची बॅगही न उतरवता आत जायची, बाही वर सारायची आणि त्यांच्या हॉट टबात कोपर बुडवायची.

"कसा हा?"

"कोमट."

"बरा. जा आता."

चहा नाही, पाणी नाही. पाणी काय ते कोपरालाच.

हा टब त्यांच्या दुबईच्या मुलाने आईसाठी पाठवला होता. काकींचे गुडघे गेलेले, त्यात साखर. एका माणसापुरता टब, पण त्याने मुलुंडच्या त्या फ्लॅटची मागची खोली गिळून टाकली होती. बटणं दाबून पाणी चाळीस डिग्रीपर्यंत तापवता यायचं. त्याच्या वर टब स्वतःच नाही म्हणायचा. काकांना टबाचा हा गुण आवडला, पण चाळीस हा आकडा आवडला नाही. त्यांनी छत्तीसवर लॉक घातलं, वर चिकटपट्टी मारली आणि तिच्यावर पेनाने लिहिलं, 'हात लावू नये'. घरात माणसं दोन. त्यातलं एक लिहिणारं.

काका चौतीस वर्षं एका औषधांच्या कारखान्यात बॉयलर सांभाळत होते. "काटो लालात जाऊक नये," हे त्यांचं आयुष्याचं सार. सोसायटीच्या मीटिंगमध्ये आवाज चढले की हेच. मी नवऱ्यावर ओरडले की खालून हेच. पण टबाच्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. पाण्यात ते तीन थर्मामीटर सोडायचे : एक तापाचं, एक दुधाचं, एक बॉयलरवरच्या लोकांनी निवृत्तीला दिलेलं. तिघांचं कधी एकमत व्हायचं नाही. मग माझं कोपर.

आणि एवढं करून काकींना टबात उतरवायचे नाहीतच. "आज नको. उद्या बघूया." काकी खुर्चीवर बसून त्या पाण्याकडे बघत राहायच्या. मला राग यायचा. कुणाचं तरी सुख असं समोर भरून ठेवायचं आणि रोज ओतून द्यायचं, हे मला बघवत नसे.

एकदाच उतरवलं. मी भांडले म्हणून. पण त्यासाठी त्यांनी पाणी तेहतीसवर आणलं. काकी गाऊन सावरत बसल्या, पाच मिनिटांत कुडकुडायला लागल्या.

"ह्या पाण्यात दही पण लागाचा नाय," त्या म्हणाल्या. "माका एकदा तरी गरम पाण्यात बसव रे देवा."

देवाने काकांकडे पाहिलं असावं. काका टॉवेल घेऊन उभे होते.

मग एका संध्याकाळी माझं डोकं फिरलं. ऑफिसात वाट लागली होती, त्यात हे दार उघडलं. मी म्हटलं, "काका, तुमचाच हात घाला ना. रोज माझा कशाला?"

त्यांनी स्वतःच्या तळव्यांकडे बघितलं आणि आत गेले.

काकींनी मला बसवलं. पायावरची चादर बाजूला केली. डाव्या पायाला दोन बोटं नव्हती.

"टब येवच्या आदी," त्या म्हणाल्या. "पाय दुखत होते म्हणान ह्यांनी मीठ घालून गरम पाणी आणल्यानी. हात बुडवून बघल्यानी. म्हणाले, कोमट हा. माका पण कोमटच लागला. अर्धो तास बसलंय."

साखरेने काकींच्या पायांना काही कळेनासं झालं होतं. आणि चौतीस वर्षं तापलेले व्हॉल्व्ह फिरवून काकांच्या हातांना. कातडी निघाली, जखम भरेना, शेवटी बोटं काढली. ज्या माणसाने बॉयलरचा काटा कधी लालात जाऊ दिला नाही, त्याने घरातल्या घमेल्यात बायकोचे पाय भाजले. शेजारी बसून, गप्पा मारत.

दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आत मी बाही वर केली होती.

काकी गेल्या त्या एका सकाळी, चहाचा कप हातात असताना. झटका आला, आटपलं. मुलाचं विमान दुपारी यायचं होतं. कोकणातून कुणी पोचणं शक्य नव्हतं. काकांची भांडुपची वहिनी आणि मी, आम्ही दोघींनी शेवटच्या आंघोळीसाठी बादलीत पाणी काढलं. तेवढ्यात काका आत आले. हातात तिन्ही थर्मामीटर.

वहिनी रडत म्हणाली, "भावोजी, आता तिका काय कळतला?"

काका बादलीशी वाकले.

"तेवा पण तिका कळत नव्हता," ते म्हणाले.

थर्मामीटर पाण्यात सोडून ते बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हात दी गो."

मी कोपर बुडवलं. "कोमट आहे, काका."

त्यांनी मान हलवली. काकींच्या पायांवरून एकदा हात फिरवला, बोटं नव्हती तिथे थांबले.

"थोडा वाढव," ते म्हणाले. "चाळीस कर. गरम व्हया होता तिका."

मी पातेल्यातलं कढत पाणी बादलीत ओतायला घेतलं. त्यांनी माझं मनगट धरलं.

"हळू. चाळीसच्या वर नको."