छाती चव्वेचाळीस

दस्तगीरमामांच्या दुकानात कोट शिवायला गेलेल्या माणसाच्या पोटाचा घेर अख्ख्या मंगळवार पेठेला कळायचा. मामा टेप लावायचे आणि आत मशीनवर बसलेल्या जैतूनमामींना ऐकू जावं म्हणून आकडा ओरडायचे. मामी तो खडूनं कापडाच्या कोपऱ्यावर लिहून घ्यायच्या. मामींना ऐकू उत्तम येत होतं, पण मामांची सवय.

समोरच्या चहाच्या गाडीवरची मंडळी मग त्या आकड्यावर चर्चा करायची. कागलच्या एमआयडीसीतले एक साहेब एकदा म्हणाले, जरा हळू सांगा. मामांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "साहेब, पोट गावाला दिसतंयच की. आकडा झाकून काय उपेग?"

एखादा नवरदेव श्वास रोखून उभा राहिला, तर मामा टेप गळ्यात टाकून सरळ स्टुलावर बसायचे. "दमलासा की सांगा पावणं. मग माप घेऊ." तो बिचारा किती वेळ दम धरणार?

आता मी तयार ब्लेझर घेतो. दुकानातला पोरगा माझ्याकडे बघून 'एक्स्ट्रा लार्ज' म्हणतो, तेही कुजबुजत. त्यात काडीची मजा नाही.

माझे वडील, अण्णा, जुने तालमीतले. त्यांच्या मापाला मामांचा आवाज खास चढायचा, "छाती चव्वेचाळीस." ते ऐकायला चहावाला स्टोव्ह बारीक करायचा.

ताईच्या लग्नाआधी अण्णांचं मोठं आजारपण झालं. अंगावर मांस म्हणून राहिलं नाही. त्यांनी आरशात बघणं सोडलं. नवा कोट नको, मी मांडवात मागंच बसतो, म्हणू लागले. ताई रडली. शेवटी मीच त्यांना हाताला धरून मामांकडे नेलं, आणि वाटभर मला एकच धास्ती होती, की मामा आकडा ओरडणार.

मामांनी छातीला टेप लावली. मी वाकून पाहिलं. छत्तीससुद्धा भरत नव्हती. मामा नेहमीच्याच आवाजात ओरडले, "छाती चव्वेचाळीस."

अण्णांची मान जराशी वर झाली. मामांनी मात्र टेप गळ्यात टाकली नाही. खऱ्या आकड्यावर अंगठा दाबून ते तसेच आत मामींकडे गेले.

कोट तयार झाला. मामांनी तो मुद्दाम किंचित तंग शिवला होता. "दस्तगीर, छातीत आवळतंय रे," अण्णा आरशासमोर उभे राहून कुरकुरले. त्यांची ती कुरकुर ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

"आवळणारच की. अंग धरायला लागलाय तुम्ही," मामा म्हणाले. "आत माया ठेवलीया. लागंल तशी सोडू."

शिवणीच्या आत जादा कापड राखतात, त्याला शिंपी लोक माया म्हणतात. लग्नात अण्णा मांडवाच्या दारात उभे राहून पाहुण्यांना या-बसा करत होते. घरी परतल्यावर त्यांचा कोट अडकवताना मी सहज अस्तर चाचपलं. मामांनी दोन्ही बाजूंना इतकी माया ठेवली होती, की चव्वेचाळीस छातीचे अण्णा त्यात आरामात मावले असते.