गोटीसाठी नवी खोली

गोटी सकाळी शिंकायला बसली की भिंतीवरच्या कॅलेंडरचा एक महिना उलटायचा. सात वर्षांची पोर, नाक सदा चोंदलेलं, डोळे लाल. तिचा बाप सुतार. त्याला ते बघवायचं नाही.

"धुळीची अ‍ॅलर्जी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सतरंज्या, जाड पडदे, जुनं सामान, सगळं काढा खोलीतून."

"आणि रविवारपर्यंत उतार नाही पडला," गोटीची आई घरी आल्यावर म्हणाली, "तर मी हिला माझ्या बहिणीकडे ठेवणार. मावशीकडे श्वास तरी घेईल."

बापाच्या डोळ्यांपुढे गोटीशिवायचं घर आलं. दुसऱ्या दिवशी त्याने कामावर सुट्टी टाकली आणि करवत घरी आणली. पडदे काढले, खिडक्यांना लाकडी झडपा केल्या. सतरंजी काढली, खाली फळ्या ठोकल्या. जुना पलंग मोडला, नवा घडवायला घेतला. सगळं गोटीच्याच खोलीत.

"अहो, पोर दुप्पट शिंकतेय!"

"म्हणजे धूळ अजून आहे कुठंतरी," तो म्हणाला आणि त्याने कपाटही करायला घेतलं.

गुरुवारी कॅलेंडर डिसेंबरपर्यंत पोचलं आणि खाली पडलं.

रविवारी मावशी न्यायला आली. गोटी दारातून वळून म्हणाली, "बाबा, रडू नका हं. तुमचं पण नाक चोंदेल."

सोमवारी तो तणतणत दवाखान्यात गेला. "बाई, तुम्ही सांगितलं ते सगळं केलं, तरी पोरगी गेली माझी!"

डॉक्टरीणबाई त्याच्याकडे बघून तीनदा शिंकल्या. "हा डोक्यावर भुसा कुठला?"

"गोटीच्या खोलीतला. आठवडाभर तिथंच बसून कापतोय, तिच्यासाठी!"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तेवढ्या वेळात त्याचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे... मीच?"



त्याने तीन बादल्या पाणी अंगावर ओतलं, कातडी सोलवटेपर्यंत घासलं, कोरे कपडे घातले आणि तो मावशीच्या दारात उभा राहिला. गोटी धावत येऊन गळ्यात पडली. त्याने श्वास रोखून धरला. एक मिनिट गेलं, दोन गेली. शिंक नाही. पोर तोंड मिटून, नाकाने श्वास घेत होती. त्याचे डोळे भरून आले.

"बरं झालं आलात, भावजी," मावशी म्हणाली. "हिच्या खोलीचं दार घासतंय. जरा रंधा मारून द्याल?"

वीस वर्षांत त्याने कुणाला कामाला नाही म्हटलं नव्हतं. त्याने गोटीला आणखी घट्ट धरलं.

"मी?" तो म्हणाला. "मला कुठं येतं सुतारकाम!"