पँट वाळेपर्यंत

रविवारी दुपारी नोरीन नेहमीप्रमाणे बाबांकडे गेली, तेव्हा हॉलिस ब्रँट मागच्या व्हरांड्यात रेडिओला कान लावून शेंगा सोलत बसले होते. आई गेल्यापासून ते एकटेच राहत. उभा जन्म बेसबॉलवर लिहिण्यात गेलेला माणूस. आता लिहिणं थांबलं होतं, पण सामना ऐकताना पेन्सिल अजून कानामागे लागायची. नोरीनने खुर्ची ओढली आणि जरा वेळाने तिच्या लक्षात आलं, सहावा डाव संपत आला तरी आपल्या पिचरने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याने, समोरच्या संघाला पहिला तळ गाठता येईल असा एकही फटका मारू दिला नव्हता.

तिने बाबांकडे पाहिलं. बाबांनी एक भुवई उचलली. बस्स. असा सामना रंगात आला की त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही आणि जो जिथे बसलाय तिथून त्याने तसूभर हलायचं नाही, नाहीतर दृष्ट लागते, हे त्या घरातली मुलं दात यायच्या आधी शिकली होती.

"बाबा, माझा पाय झोपलाय."

"झोपू दे. दमला असेल बिचारा."

"आणि तोंड उघडावंसं वाटलं तर?"

"आत पाव आहे," बाबा म्हणाले आणि दोघंही खो खो हसत सुटली.

तो शनिवार दोघांनाही एकदमच आठवला होता.

नोरीन तेव्हा सात वर्षांची होती आणि तिचा धाकटा भाऊ कल नुकता चालायला लागला होता. आई रुथ इस्पितळात नर्स. बाबा घरी बसून जुन्या खेळाडूंवर पुस्तक लिहीत, म्हणजे एका हाताने टाइप करत आणि दुसऱ्या हाताने कलच्या तोंडातून टाइपरायटरची रिबन ओढून काढत. शनिवारी गावातल्या सामन्याची बातमी द्यायला ते मैदानावर जात, तेवढा वेळ शेजारच्या मिसेस डॉबिन्स मुलांना सांभाळत. त्या शनिवारी आईची ड्यूटी होती आणि मिसेस डॉबिन्सना साठीच्या घरात गालगुंड झालं.

नेमके त्याच दिवशी ओटिस पेनरॉड येणार होते. एके काळचे नामी पिचर, आता पार म्हातारे. त्यांच्यावाचून बाबांच्या पुस्तकाचं मधलं प्रकरण कोरं पडलं होतं. कित्येक पत्रं गेल्यावर म्हातारबुवा कबूल झाले होते: सामना बघता बघता बोलेन, मग संध्याकाळच्या बसने मुलाकडे ॲरिझोनाला जाईन, कायमचा.

बाबा दोन मुलं, लंगोटांची पिशवी आणि टेपरेकॉर्डर घेऊन पत्रकारांच्या खोलीत शिरले.

"हे काय, पाळणाघर आहे का?" दुसऱ्या वर्तमानपत्राचा जाडा गस म्हणाला.

"तू यायला लागल्यापासून आहेच."

पेनरॉड आले, बसले. कल सरळ त्यांच्या मांडीवर चढला आणि झोपला.

"आधी जरा खेळ बघू," पेनरॉड म्हणाले. "मग बोलू."

इथेच घात झाला. चौथा डाव गेला, पाचवा गेला, समोरच्यांना फटका काही मिळेना. खोली चिडीचूप झाली. हातातल्या पावासाठी मोहरीच्या चटणीची बाटली घ्यायला अर्धवट उठलेला गस तसाच थिजला. बाबांनी हळूच टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं.

"मिस्टर पेनरॉड, तुमचं ते पहिलं वर्ष..."

"इतका वेळ गप्प होतो ना आपण?" म्हातारबुवांनी डोळे वटारले. "मग गप्पच राहायचं!"

बाबा एकदा मैदानाकडे बघत, एकदा घड्याळाकडे. सातव्या डावात रिवाजाप्रमाणे सगळं मैदान पाय मोकळे करायला उठलं. या खोलीत कुणी हललं नाही. गस आधीच अर्धा उभा होता, त्यावर भागलं.

आठव्या डावात पेनरॉडांचा चेहरा पालटला.

"ब्रँट," ते ओठ न हलवता म्हणाले, "तुमचं पोरगं गळतंय."

"अरे देवा! द्या त्याला इकडे."

"हात लावून तर बघा! याला उचललं आणि तिकडे चेंडू भिंतीपार गेला म्हणजे?"

"अहो, पण तुमची पँट..."

"पँट वाळते."

नोरीनलाही केव्हापासून शू लागली होती. पाय आवळून बसलेल्या त्या पोरीला आनंद मात्र मावेना. "बाबा!" ती ओरडली, "अजून एकसुद्धा फ..."

बाबांनी गसच्या हातातला पाव हिसकून तिच्या तोंडात कोंबला.

"निदान आतलं सॉसेज तरी ठेवायचंस!" गस कळवळला.

चावणं म्हणजे हलणं की नाही, ते कुणी सांगेना. म्हणून नोरीनने तो पाव शेवटपर्यंत गालात धरला. नवव्या डावाचा शेवटचा चेंडू उंच उडाला, झेलला गेला, आणि अख्खं मैदान ओरडलं. कल टाळ्या पिटत जागा झाला. गसची कंबर काही सरळ होईना. नोरीन पावासकट संडासाकडे पळाली.

पेनरॉड उठले. फिक्या रंगाची पँट गुडघ्यापर्यंत गडद झाली होती. "या अवतारात मी ॲरिझोनाला जाणार नाही," ते म्हणाले.

संध्याकाळी आई दमून घरी आली तेव्हा दोरीवर कुणाची तरी पँट वाळत होती आणि स्वयंपाकघरात एक अनोळखी म्हातारा बाबांचा पायजमा घालून घेवड्याचं सूप ओरपत होता.

"हॉलिस, हे कोण?"

"मधलं प्रकरण," बाबा म्हणाले.

पँट वाळेपर्यंत पेनरॉड बोलत राहिले. मधूनच बाबा नोरीनला डोळ्यांनी खुणावत आणि ती गुपचूप जाऊन पँटवर आणखी एक पेला पाणी ओतून येई.

इकडे व्हरांड्यात रेडिओवर फटक्याचा आवाज आला. लोक हळहळले.

"पाय हलवलास," बाबा म्हणाले.

"मुळीच नाही!"

"अंगठा हलला. मी पाहिला." त्यांनी टरफलं झटकली आणि पेन्सिल कानामागे खोचली. "पुढच्या रविवारी जाड मोजे घालून ये."

सोमवारी सकाळी ते उठलेच नाहीत.

दफन झालं, पाहुणे पांगले. कल, आता टक्कल पडलेला, आत बश्या विसळत कुणाला तरी सांगत होता, "अहो, ते लिंबाचं सरबत होतं. मी गळत नव्हतो." नोरीन व्हरांड्यात आपल्या खुर्चीवर बसली. टरफलं अजून तिथेच पडली होती.

त्या घरात चांगलं चाललं की कुणी तसं म्हणत नसे. टाइपरायटर खडखडत असायचा, त्याच्याखाली कल झोपलेला असायचा, बाबा तिच्यासाठी सफरचंद कापता कापता कुणा विसरलेल्या पिचरची गोष्ट सांगत असायचे, आणि तिच्या ओठांपर्यंत काहीतरी यायचं. दर वेळी तिला त्या पावाची चव आठवायची, आणि ती गिळायची.

तिने पाय हलवला. खुर्ची ओढून बाबांच्या खुर्चीला टेकवली.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "फार छान चाललं होतं हो. अगदी पहिल्या डावापासून."