करगोट्याची किल्ली

डब्यात कुळथाचं पीठ होतं की नाचणीचं, याची मला आता खात्री नाही. (अर्थशास्त्रात एम.ए. झालो, तरी खात्री अशी मला कशाचीच वाटली नाही.) बकुळेला विचारलं असतं, पण तिला जाऊन बरीच वर्षं झाली. कुळीथच धरून चालू.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती. लालबागेत आज हरताळ, उद्या कर्फ्यू. त्यात बकुळेला दिवस गेलेले. ती उपाशी राहिली तर, ही एकच काळजी. शेवटी पोटाला चिमटा काढून मी पत्र्याचा डबा भरून पीठ आणलं, त्याला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली.

"हे काय आता?" बकुळेनं विचारलं.

"इमर्जन्सी स्टॉक. संकट आल्याशिवाय उघडायचा नाही."

"बरं," ती म्हणाली. (इतक्या लवकर ती 'बरं' म्हणाली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.)

महिन्याभरात पुन्हा कर्फ्यू लागला आणि उठायचं नाव घेईना. गिरण्या बंद, वाण्याची फळी बंद. शेजारच्या राधाबाई चाळीतल्या आमच्या मजल्यावरच्या सगळ्या बायका घेऊन दारात आल्या.

"मास्तर, डबो उघडा."

"राधाबाई, खरं संकट अजून यायचंय."

"खाली गोळी सुटता! हेच्यापेक्षा मोठा संकट काय हत्तीवर बसून येतला?"

मी बकुळेकडे पाहिलं. डबा सगळ्यांत वाटला तर तिच्या वाट्याला काय उरणार? ती मात्र चूल पेटवत होती.

अख्खा मजला बघत असताना मी एका हातानं धोतर सावरत, दुसऱ्या हातानं किल्ली फिरवत होतो. बऱ्याच खटपटीनंतर कुलूप सुटलं. आत पीठ तळाशी मूठभर. वर पुड्याच पुड्या: कण्या, वरी, मसूर, वाल, सुकी कोकमं.

"हा माझा स्टॉक नव्हे!"

"तुमचाच," बकुळा म्हणाली. "ज्याच्या घरी नड, त्याला वाटीभर देत गेले. रिकामी वाटी कोण परत करतं? ज्यानं त्यानं घरात होतं ते घालून पाठवलं."

"पण कुलूप?"

"आहे की. तुम्हाला बरं वाटावं म्हणून परत लावून ठेवायची."

गॅलरीत राधाबाईंचं मोठं पातेलं चढलं आणि सगळं त्यात पडलं. त्या पदार्थाला नाव नव्हतं. सगळ्यांना वाढून झालं आणि पहिल्यांदाच बकुळेनं आपलं ताट माझ्यापुढं केलं, "अजून वाढा." ती चव मी नंतर पुष्कळ शोधली. तीच धान्यं आणली, तशीच एकत्र शिजवली. खिचडी झाली, चांगली झाली, ती नव्हे.

परवा राधाबाईंची मुलगी शैला भेटायला आली. स्वतः आजी झालीय. ते कुलूप माझ्या टेबलावर असतं. "अगंबाई, हे अजून आहे?" असं म्हणत तिनं अंबाड्यातला आकडा काढला आणि कुलपात घातला. "काकूंनी आम्हा सगळ्यांना शिकवलं होतं."

ती गेल्यावर मी दार लावून स्वतः करून पाहिलं. आकड्यानं कुलूप एका झटक्यात उघडतं. किल्लीनं मात्र अजूनही खटपट करावी लागते.