हाडरी

रावजीअण्णा दारात आले की नमस्कार-चमत्कार काही नाही, आधी ओठावर बोट. "खाकरू नका, रेकॉर्ड चालू हाय." आणि हे सांगायचं कुठं, तर निपाणीत. इथं तंबाखूच्या वखारींचा खकाणा असा उठतो की अख्खं गाव खाकरत उठतं आणि शिंकत झोपतं. तरी अण्णांच्या हातात मोबाइल दिसला की माझ्या दुकानातल्या बायका तोंडाला पदर लावून गप्प बसतात.

माझं दुकान म्हणजे घराच्या पुढच्या खोलीतलं शिलाई मशीन. अण्णा शेजारचे, मधली भिंत एकच. दिवसभर वखारीत पोती तोलून घेतात आणि संध्याकाळी संगीत करतात. संगीत म्हणजे पेटी-तबला नव्हे. काट्याची साखळी, बसचा धापा टाकणारा दरवाजा, माझ्या मशीनची कटकट, असलं सगळं मोबाइलवर धरायचं, लॅपटॉपमध्ये घालायचं, कापायचं, जोडायचं आणि त्याची चाल बांधायची. तसं बघितलं तर माझाच धंदा, फक्त ते आवाज शिवतात.

दुसरं वेड पुस्तकांचं. भुतं पिंपळावर न राहता फ्लॅटमध्ये राहतात आणि चेटकिणी मेट्रोनं फिरतात, अशा जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या हा माणूस डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचतो. वाचून झाली की माझ्या दुकानात येऊन निकाल देतो. "वैनी, रक्त पिणारा व्हॅम्पायर लंडनात ठीक हाय. निपाणीत चार दिवस टिकायचा न्हाय. वखारीच्या दारातच शिंकंल आनि दात पडतील."

मग निपाणीत कोण टिकेल, तेही त्यांनी ठरवून टाकलंय. वखारीत राहतो तो शिंक्या. स्टँडवर राहतो तो बोर्ड्या. तो बसचा बोर्ड फिरवतो आणि चिकोडीच्या माणसाला गडहिंग्लजला पोचवतो. "बोर्ड्याला मराठी येतंय, कन्नड येतंय, पन मुद्दाम वाचता येत न्हाय म्हनतोय." माझ्या मशीनमध्ये म्हणे दोरेवाली आहे. ऐन लग्नसराईत दोरा तुटतो तो तिच्यामुळं. मी म्हटलं, "अण्णा, दोराच हलका आलाय." तर म्हणाले, "तसंच वाटतंय सगळ्यास्नी."

या प्रत्येक भुताची अण्णांनी बांधलेली चाल वेगळी. पूर्वी हे सगळं हेडफोन लावून गुपचूप चालायचं. वर्षभरापूर्वी त्यांनी कमरेएवढा स्पीकरचा बॉक्स आणला आणि गल्लीची शांतता संपली. गाणं असं ऐकू येतच नाही, नुसतं खालून धुम्म, धुम्म. रोज संध्याकाळी सात वाजले की माझ्या फळीवरची पातेली थरथरतात आणि ताटं एकमेकांवर वाजतात. आणि ज्या घरात हे चालतं तिथल्या बाईला त्याचा काडीचा त्रास नाही, कारण अण्णांच्या बायकोला, गंगाक्कांना, ऐकूच येत नाही. दोन वर्षं झाली. कानाचं मशीन घेतलं होतं, पण त्यात नुसती शिट्टी वाजते म्हणून त्यांनी ते डब्यात टाकलं.

गंगाक्का गोकाककडच्या, कन्नड घरातल्या; अण्णा कोगनोळी नाक्यापलीकडचे, महाराष्ट्रातल्या कागलचे. लग्नात अण्णांना कन्नड ओ की ठो येत नव्हतं. नव्या नवरीपुढं ऐटीत एक भजन म्हटलं. थांबल्यावर ती मान खाली घालून म्हणाली, "हाडरी." ही गोष्ट अण्णा स्वतःच सांगतात. "कुत्र्याला म्हनावं तसं हाड म्हनाली, वैनी, आनि वर मानाचं री. चार दिवस फुगून बसलो हुतो. मग सासऱ्यानं सांगितलं, कन्नडात हाडरी म्हंजे गानं म्हना की, आनखी म्हना."

तर, त्या धुम्म धुम्मला गल्ली कंटाळली आणि मला पुढं केलं, कारण मी फटकळ. बॉक्स बंद करा, नाहीतर विका, असं तोंडावर सांगायचं ठरवून मी बरोब्बर सातला त्यांच्या दारात उभी राहिले.

दार उघडंच होतं. गंगाक्का बॉक्सपुढं पाटावर बसल्या होत्या, दोन्ही तळवे त्याच्यावर टेकून, डोळे मिटून. अण्णांनी लॅपटॉपवर एक बटण दाबलं. धुम्म-धुम्म, धुम्म. गंगाक्का म्हणाल्या, "शिंक्या." अण्णांनी दुसरं लावलं. त्या डोळे उघडून हसल्या. "बोर्ड्या. आज कुनाला चुकवला?" अण्णांनी हातवारे करून काहीतरी सांगितलं. मग तिसरं लागलं, बारीक बारीक ठोके, पण खोल केलेले. माझं मशीन मी ओळखलं. त्यांनी माझ्या आधी ओळखलं. "दोरेवाली. दोरा तुटला बघा."

मला भरून आलं आणि स्वतःचा रागही आला. वर्षभर मी ज्याला गोंगाट म्हणत होते, ते या दोघांचं बोलणं होतं.

अण्णांनी मला पाहिलं. "वैनी, लई वाजतंय का?" त्यांचा चेहरा उतरला होता. "कमी केलं तर तिच्या हाताला लागत न्हाय. करून बघितलं मी."

मी काही बोलायच्या आत त्यांनी शेवटचं लावलं. ते कुणाचं भूत नव्हतं, अण्णांचाच आवाज होता, घशातून पार पोटात उतरवलेला. तेच लग्नातलं भजन. गंगाक्कांनी तळवे आणखी घट्ट दाबले, मग डोळे मिटून गालही टेकवला. बॉक्स थांबला तरी त्या तशाच राहिल्या. थोड्या वेळानं डोळे न उघडता म्हणाल्या, "हाडरी."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. डोळे भरलेले, पण ऐट तीच. "बघा. परत हाड म्हनाली."

मी घरी आले आणि मधल्या भिंतीच्या फळीवरची सगळी भांडी उतरवून खाली ठेवली.