एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

दुधाचं पातेलं घेऊन नीळकंठ सर बाहेर आले आणि मागं दार खट्‌कन लागलं. त्याच क्षणी आत कुकरची पहिली शिट्टी झाली.

संकष्टी म्हणून सुधाताई सकाळच्या एसटीनं मोरगावला गेल्या होत्या आणि जाताना बजावून गेल्या होत्या, "तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद. मागच्या वेळचा वरणाचा डाग अजून छतावर आहे." आता मोबाईल आत, चष्मा आत आणि सर बाहेर.

दाराला आपोआप लागणारं आकड्यांचं कुलूप होतं. मुलानं, मिहिरनं, ते पुण्याहून आणून बसवलेलं. आकडा मात्र सरांचा. बारामतीत तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस साधासुधा आकडा कशाला ठेवील? एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न! दोनपासून सहापर्यंत कशानंही गुणा, तेच सहा आकडे त्याच क्रमानं येतात, फक्त सुरुवात बदलते. म्हणून सोमवारी एकानं गुणायचं, मंगळवारी दोननं, असा रोज नवा आकडा. तो कुलपात भरायचं आणि दार उघडायचं काम सुधाताईंचं, कारण सरांना ती बारीक बटणं दिसत नसत.

"गेणबा, तू दाब," सर दूध घालून निघालेल्या पणदऱ्याच्या दूधवाल्याला म्हणाले. "आज गुरुवार, म्हणजे चार. पाच, सात, एक, चार, दोन, आठ."

गेणबानं दाबलं. लाल दिवा लागला, दार ढिम्म. आत दुसरी शिट्टी झाली.

"बदलायला विसरली असेल. बुधवारचा घे. चार, दोन, आठ, पाच, सात, एक."

पुन्हा लाल दिवा. तिसरी शिट्टी.

"सर, आता ग्यास बंद करायचा न्हवं?"

"अरे, कोण करणार? आत कोण आहे?"

"मग वहिनींना फोन लावू? नंबर हाय माझ्याकडं."

"नको!" सर ओरडलेच. कुकरची भीती होतीच, पण कुकर एकदाच फुटतो.

शुक्रवारचा आकडाही चुकला. चौथी शिट्टी झाली. आता एकदाच संधी होती. तीही चुकली की कुलूप अर्धा तास बंद. गेणबा मोटारसायकलीच्या आडोशाला गेला.

"मागं सरा सर. माझ्या साडूच्या घरात झाकण पत्रा फोडून गेल्तं."

"गप रे!"

"पण सर, वहिनी तर एकच बटन दाबत्यात. सहादा. रोज बघतोय मी. नवाचं."

"अशक्य! या संख्येत नऊ कुठंच नाही. कितीनंही गुण..." सर थबकले. "सात सत्ते एकोणपन्नास, नऊ, हातचे चार. सात पंचे पस्तीस आणि चार एकोणचाळीस, पुन्हा नऊ... रविवार! गेणबा, सहाही नऊ दाब!"

दार उघडलं. सर दुधासकट आत धावले. कुकर फुटला नव्हता; वरणाचा मात्र कोळसा झाला होता.

दुपारी सुधाताई आल्या आणि दारातच त्यांना करपल्याचा वास आला.

"बाहेर अडकला होतात ना? मग दार कसं उघडलंत?"

सरांना एकदम बळ आलं. "सातानं गुणून! गुरुवारी रविवारचा आकडा? किती दिवस चाललंय हे?"

"तुम्ही रिटायर झाल्यापासून," सुधाताई पिशवी खाली ठेवत म्हणाल्या. "तेव्हापासून तुम्हाला रोजच रविवार आहे. मला एकही नाही. म्हटलं, निदान दाराला तरी मिळू दे."

सरांनी घासणी शोधली आणि करपलेला कुकर घेऊन मोरीकडं गेले.