घरपोच कान

या, असे जवळ या. चपला बाहेर, मांडी घालून बसा आणि मोबाइल बंद करा. कीर्तनाला बसतो तसे मन लावून ऐकणार असाल तर एक आख्यान सांगतो. आमच्याच वाडीतले, सन दोन हजार दहाचे, म्हणजे यंदाचेच.

मनुष्यजन्म दुर्लभ आहे, आणि मनुष्य घरी असताना येणारे पार्सल त्याहून दुर्लभ आहे. यात कंपनीला बोल लावू नये. तिने 'घरपोच' एवढेच छापले आहे. घरी माणूस पोचवण्याची हमी तिने कुठेही दिलेली नाही.

माझ्या शेजारचे गंगारामतात्या ऐंशीचे. उभा जन्म होडीवर गेला. तीन वर्षांपासून त्यांच्या कानाशी शिंग फुंकले तरी "वारो सुटलो" म्हणतात. पण देवळातल्या सप्ताहाला सातही दिवस पहिल्या रांगेत. लोक हसले की तात्या हसत, फक्त अर्धा अभंग उशिरा.

त्यांची सून किशोरी देवगडला एका कचेरीत लिपिक. सकाळी साडेआठची एसटी, संध्याकाळी सहाला परत. नवरा मच्छीमारी बोटीवर, गेला की आठ दिवस दिसत नाही. तिने ठरवले, यंदा तात्यांना सप्ताहातले कीर्तन ऐकवायचेच. कचेरीच्या संगणकावर (साहेब जेवायला गेले असता) तिने कानाचे यंत्र मागवले. सप्ताह सुरू व्हायला अठरा दिवस होते. संगणक म्हणाला, सात दिवसांत घरपोच.

सुज्ञांच्या ध्यानात आलेच असेल. ज्याला हाक ऐकू येत नाही त्याच्यासाठी यंत्र. ते द्यायचे हाक मारून. आणि हाक ऐकायला घरी तो एकटाच. शास्त्रशुद्ध व्यवस्था म्हणतात ती हीच.

यंत्र घेऊन यायचा तो सुदेश, तळेरे तिठ्यावरच्या कुरियर शाखेतला. भला माणूस. त्याची आमच्याकडे यायची वेळ दुपारी एक ते दोन. नोकरी करणारा माणूस त्या वेळी हमखास नोकरीवर सापडतो, हे कंपनीने पूर्ण अभ्यासाअंती ठरवलेले असावे. त्याच्या तीन फेऱ्यांची दप्तरी नोंद अशी:

पहिली फेरी. घरापुढच्या खळ्यात उभे राहून हाका चार. शेरा: 'दार बंद.' (त्या दाराला कडीच नाही. तात्या पडवीत समुद्राकडे तोंड करून जाळे दुरुस्त करत होते.)

दुसरी फेरी. हाका सहा. शेरा: 'ग्राहक स्थलांतरित.' (तात्या त्याच खांबाशी, त्याच जाळ्यावर.)

तिसऱ्या फेरीला सुदेश हाकेच्या भानगडीत पडलाच नाही. थेट पुढ्यात जाऊन त्याने खोके दाखवले. "आजोबा, घेतास ना?" तात्यांना वाटले, मिक्सर विकणारा. म्हणाले, "नको रे बाबा, सून घराक नाय." शेरा: 'ग्राहकाचा स्पष्ट नकार.'

एकूण हाका दहा. वाडीत घरे एकेचाळीस. चालू स्थितीतले कान, तात्यांचे वगळून, एकशे अठ्ठ्याऐंशी. ओ देणारे, शून्य. (शेजाऱ्याची सही चालते, असा कंपनीचा नियम आहे. तो वापरण्याची वेळ कुणी येऊ दिली नाही. मी तिन्ही दिवस जागाच होतो. पण जेवून आडवा झालेला माणूस दुसऱ्याच्या नावाच्या हाकेला उठत नाही, ही आमच्याकडची रीत आहे.)

तीन फेऱ्या झाल्या की पार्सल परत जाते. किशोरी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तळेऱ्याला गेली. शाखेतले गृहस्थ म्हणाले, "मॅडम, तुम्ही घरी का नसता?"

"नोकरी करते."

"तसा दाखला आणा. कामाच्या वेळी तुम्ही कामावर असता, असा."

साहेबांनी दाखला नाकारला. त्या दिवशी कामाच्या वेळी ती तळेऱ्याला होती.

दुसऱ्या खेपेला तिचे डोळे भरलेले पाहून गृहस्थांनी एक 'विशेष अंतिम फेरी' मंजूर केली. ती नेमकी सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी.

त्या दिवशी किशोरीने उरलेली एकुलती किरकोळ रजा घेतली. दुपारभर ती घरी थांबली, सुदेश आला नाही. चारला कीर्तन उभे राहिले, ती देवळात आली, आणि सुदेश देवळाच्या दारात.

"दी रे हय," किशोरी म्हणाली.

"हय नाय, वहिनी. पत्तो घराचो आसा."

दोघे घरी गेले. किशोरी उंबऱ्यात उभी राहिली. सुदेशने खळ्यातून, तिच्या तोंडाकडे बघत, "गंगाराम आसत काय घरात?" अशी रीतसर हाक मारली, सही घेतली आणि खोके दिले. ती धावत परतली, मागोमाग सुदेशही. पूर्वरंग संपून बुवांना बुक्का लावणे चालले होते. तिने यंत्र तात्यांच्या कानात बसवले, आवाजाचे चाक फिरवले आणि सुदेशच्या फुकट गेलेल्या हाकांची हकीकत दोन वाक्यांत सांगितली.

बुवांनी उत्तररंग धरला. तात्यांचे डोळे पाण्याने भरले. तीन वर्षांनी देवाचे नाव कानात गेले. मग ते हळूहळू मागे वळले. मागे धोंडू मला पापलेट कुठे लागले ते सांगत होता, मी त्याला कलमांचा मोहोर सांगत होतो, आणि सुभद्रावहिनी दोघांना गप्प बसा म्हणून मोठ्याने सांगत होत्या.

तात्या उभे राहिले. बुवा थांबले.

"मेल्यांनो, तीन वर्सां माका वाटला मी एकटोच बहिरो! माका वाटला, तुमी आयकतास!"

तात्यांनी खांबाला टेकून कीर्तन ऐकणाऱ्या सुदेशला विचारले, "रे, किती हाका मारलंस माका?"

"दहा, आजोबा."

"आणि आयकूक कोण नव्हता?"

"हे काका होते ना शेजारच्या पडवीत," सुदेश भाबडेपणाने माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. "दोनदा माका हात हलवून दाखवल्यानी."

तेव्हापासून तात्या दुपारी यंत्र लावून पडवीत बसतात आणि एकेचाळीस घरांची पार्सले सही करून घेतात. मागच्या महिन्यात माझा मिक्सर त्यांनीच घेऊन ठेवला. मी जागाच होतो.

तर मंडळी, एक मागणे. उद्या दुपारी शेजाऱ्याच्या नावाची हाक तुमच्या कानावर येईल. उठा असे मी सांगत नाही, मला तो अधिकार नाही. त्या वेळी फक्त आमच्या गंगारामतात्यांची आठवण काढा. मग झोप लागते का, ते मला येऊन सांगा.